ड्रोनचं चित्रीकरण: हात सफाईदार कसा करायचा आणि एडिटिंग कुठून सुरू करायचं?

नवी_भरारी

नमस्कार मंडळी,

छोटा कॅमेरा ड्रोन घेऊन काही महिने झाले. उडवण्याची भीती आता गेली आहे. वर न्यायचा, हवा तिथे फिरवायचा, बॅटरी पुरेशी शिल्लक असताना सुखरूप उतरवायचा, एवढं नीट जमतं. माझी अडचण त्यापुढची आहे. ड्रोन हवेत असताना स्क्रीनवर जे दिसतं त्यानं हरखून जायला होतं, पण घरी येऊन दोन मिनिटांचा व्हिडिओ जोडायला बसले की तेच सगळं रटाळ वाटायला लागतं.

उदाहरण देते. नदीवर एक जुना कमानींचा पूल आहे. सकाळच्या उन्हात लांबून पुलाकडे आले, येता येता ड्रोन वर चढवत नेला, पूल खाली आल्यावर कॅमेरा झुकवला आणि मग वळून नदीच्या वरच्या अंगाला निघाले. क्लिप चाळीस सेकंदांची आहे. दृश्य सुंदर आहे. पण ती पूर्ण ठेवली तर कंटाळा येतो आणि मधे कापली तर झटका बसतो.

तर विचारायचं आहे ते असं: हाताचा सराव कसा करावा? एनडी फिल्टर (लेन्सवर बसवायच्या, उजेड कमी करणाऱ्या काचा) घ्यावेत का? रंगांसाठी तयार लट (क्लिपचे रंग एका फटक्यात बदलणाऱ्या फायली) मिळतात, त्यांनी फरक पडतो का? आणि एडिटिंग शिकायचं तर सॉफ्टवेअरपासून सुरुवात करावी की आणखी कशापासून?

घारमामा

भरारीताई, तुमच्या वर्णनातच निम्मं उत्तर आहे. एकाच शॉटमध्ये तुम्ही पुढे गेलात, चढलात, कॅमेरा झुकवलात आणि वळलात. चार हालचाली. हालचाल बदलताना दर वेळी अंगठा अडखळतो आणि ते अडखळणं पडद्यावर स्पष्ट दिसतं. त्यामुळे पहिला नियम: एका शॉटला एकच हालचाल. ती हातात मुरली की दोन जोडायच्या.

सराव असा करा. मोकळ्या मैदानात एखादं एकटं झाड किंवा खांब निवडा. ड्रोन सिने मोडवर टाका, म्हणजे वेग आणि वळण दोन्ही मंदावतात. आधी फक्त उजवी स्टिक. सरळ झाडाकडे जा, डावीकडे उजवीकडे जराही न हलता. मग बाजूने सरका, पुढेमागे न होता. ऐकायला सोपं वाटतं, पण थोडा वारा असताना फ्रेममधलं झाड एकाच रेषेत ठेवून बघा, कस लागतो.

त्यानंतर ऑर्बिट, म्हणजे वस्तूभोवती गोल फिरणं. बहुतेकांकडे मोड २ असतो, म्हणजे डाव्या स्टिकवर उंची आणि वळण, उजवीवर पुढेमागे आणि बाजूला. ड्रोन उजवीकडे सरकवताना नाक डावीकडे वळवत राहायचं, म्हणजे झाड मधोमध राहतं. सुरुवातीला वर्तुळ मोठं ठेवा. लहान वर्तुळात वळण जास्त द्यावं लागतं आणि चूक लगेच उघडी पडते. एका दिशेने जमलं की उलट दिशेने करा. बहुतेकांचा हात एका बाजूला कच्चा असतो, आणि सराव तिथेच जास्त लागतो.

स्टिक नुसत्या अंगठ्याने दाबू नका. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा. अर्ध्या मिलिमीटरचा फरक चिमटीत कळतो, एकट्या अंगठ्याला कळत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रेकॉर्ड दाबल्यावर पाच सेकंद काही करू नका. मग हालचाल इतकी हळू सुरू करा की ती कधी सुरू झाली ते सांगता येऊ नये. शेवटी तशीच विरत आणा, थांबा, आणखी पाच सेकंद मोजा आणि मगच रेकॉर्ड बंद करा. ही दोन टोकं एडिटिंगला बसल्यावर हाताशी येतात.

कात्रीवाली

मामांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोरदार अनुमोदन. माझं काम एडिटिंगचं आहे. ड्रोनचं फुटेज येतं तेव्हा निम्म्या क्लिपांना सुरुवातच नसते, कारण उडवणाऱ्याने हालचाल चालू असतानाच बटण दाबलेलं असतं.

ताई, तुमच्या पुलाकडे वळते. व्हिडिओ रटाळ होतो याचं कारण सॉफ्टवेअरमध्ये नाही आणि लटमध्ये तर मुळीच नाही. त्या चाळीस सेकंदांत बघणाऱ्याला पहिल्या चार सेकंदांतच कळतं की हा पूल आहे, नदी आहे, सकाळ आहे. पुढच्या छत्तीस सेकंदांत नवं काय कळतं? उंची बदलते, पण माहिती तीच राहते. उडवायला जाण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न हाच: या शॉटमधून असं काय दिसणार आहे जे आधीच्या शॉटमध्ये नव्हतं?

मी असते तर त्या पुलासाठी अशा क्लिपा मागितल्या असत्या. एक, ड्रोन जवळजवळ स्थिर, लांबून, पूल फ्रेमच्या खालच्या तिसऱ्या भागात. जागेची ओळख तेवढ्यात होते. दुसरी, पाण्यापासून थोड्या उंचीवर, बाजूने सरकत, जवळच्या काठावरची झाडं कॅमेऱ्यासमोरून भराभर जातात आणि मागच्या कमानी सावकाश सरकतात. जवळचं जोरात आणि लांबचं हळू, यातून खोली दिसते. ड्रोनचा कॅमेरा रुंद कोनाचा असतो, त्यामुळे नुसत्या उंचीवर ही खोली सपाट होऊन जाते. तिसरी, कॅमेरा थेट खाली. सकाळचं ऊन तिरपं असतं तेव्हा कमानींच्या सावल्या पाण्यावर लांब पडतात. वरून पूल नुसती एक पट्टी दिसतो आणि खरा पूल सावलीतच दिसतो. हा शॉट भरदुपारी मिळणार नाही. चौथी, पुलाच्या कठड्याआडून वर येत पलीकडची नदी उघडी पडते ती.

चार क्लिपा, प्रत्येकीतले चार ते सहा सेकंद वापरायचे. वीस सेकंदांत पूल पूर्ण कळतो आणि प्रत्येक कट नवं काहीतरी देतो.

संथगती

कात्रीताई, पटलं, पण एक सांगावंसं वाटतं. लांब शॉट मुळातच वाईट असतो असं नवीन माणसाने धरून चालू नये. दर चार सेकंदांनी कापायची सवय लागली की सगळे व्हिडिओ जाहिरातीसारखे दिसायला लागतात. मला स्वतःला तीस-चाळीस सेकंदांचा न तुटणारा शॉट आवडतो, पण तो आधी आखलेला हवा. दरीच्या भिंतीलगत जाताना आधी फक्त खडक, मग खडकातली पायवाट, मग पायवाटेवर चालणारा माणूस, मग त्याच्यासमोर उघडलेलं खोरं. दर काही सेकंदांनी नजरेला नवं मिळतं, म्हणून तिथे कापायची गरज पडत नाही.

ताईंच्या पुलाच्या शॉटमध्येही हे करता आलं असतं. पाण्यालगत सुरुवात, कमानीआडून हळूहळू वर, आणि अगदी शेवटी पलीकडचा प्रवाह. वर गेल्यावर कॅमेरा खाली झुकवला नसता तर हाच शॉट पूर्ण ठेवता आला असता.

कात्रीवाली

मान्य. तुम्ही म्हणता तो शॉट मीही कापणार नाही. फक्त नवशिक्याच्या हातून तो सलग येईपर्यंत बरीच उड्डाणं जातात, म्हणून आधी तुकडे मागते.

सावली_शोधक

एनडी फिल्टरबद्दल मी लिहितो, कारण यावर बरेच गैरसमज आहेत.

हालचाल डोळ्यांना सहज वाटावी म्हणून शटर साधारण फ्रेम रेटच्या (सेकंदाला किती फ्रेम) दुप्पट ठेवतात. २४ किंवा २५ फ्रेमला १/५०, ३० ला १/६०. आता भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर लेन्सचं छिद्र एफ/२.८ असेल तर योग्य उजेडासाठी शटर १/३२०० च्या आसपास जातं. ते १/५० वर आणायचं म्हणजे प्रकाश ६४ पट कमी करायचा, म्हणजे एनडी ६४. छिद्र एफ/१.७, म्हणजे आणखी मोठं असेल तर त्याहून गडद लागेल, एनडी १२८ आणि २५६ च्या मधलं काहीतरी. पातळ ढग असतील तर एनडी १६, सूर्य मावळतीला टेकला की एनडी ८ किंवा काहीच नाही. आकडा दुप्पट झाला की उजेड एक स्टॉपने, म्हणजे निम्म्याने कमी होतो, एवढं लक्षात ठेवलं की जागेवर हिशोब करता येतो.

फिल्टर ड्रोन चालू करायच्या आधी बसवा. गिम्बल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी यंत्रणा, सुरू होताना स्वतःला तोलून घेतो. नंतर वजन चढवलं की मोटरवर ताण येतो.

एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही लॉक करा. ऑटोवर ठेवलं की उजळ आकाश फ्रेममध्ये येताच जमीन काळवंडते, आणि एकाच क्लिपमध्ये गवत हिरव्याचं पिवळट होतं. हे नंतर सुधारणं जिकिरीचं आहे. उन्हात ५६०० केल्विनच्या आसपास ठेवून सगळ्या क्लिपा तशाच घ्या. हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटू देऊ नका. सावलीतून थोडं ओढून काढता येतं, जळालेला ढग परत येत नाही.

नवी_भरारी

सगळ्यांचे मनापासून आभार, खूप नेमकं मिळतंय. सावली_शोधक, एक शंका. फिल्टर नसेल तर शूट करूच नये का? माझ्या उंचावरच्या क्लिपा फिल्टरशिवायही वाईट दिसत नाहीत.

सावली_शोधक

अगदी बरोबर निरीक्षण. शंभर मीटरवरून सावकाश जाताना जमीन फ्रेममध्ये फार हलतच नाही, त्यामुळे हालचालीचा धूसरपणा नसल्याचं जाणवत नाही. खाली, झाडांच्या शेंड्यालगत किंवा रस्त्याच्या कडेने वेगात गेलात की फिल्टरविना दृश्य थरथरल्यासारखं दिसतं. त्यामुळे ठरवायचं ते शॉट बघून. फिल्टर घरी राहिला म्हणून चांगली सकाळ सोडू नका.

आणि वळताना होणारी थरथर फिल्टरने पूर्ण जात नाही. त्यासाठी चित्रपटवाल्यांचा जुना ठोकताळा आहे: २४ फ्रेमवर एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला साधारण सात सेकंद लागले पाहिजेत. ड्रोनवर बहुतेक नवशिके याच्या दुप्पट वेगाने वळतात. स्क्रीनवर एक झाड धरा आणि मनात सात मोजा.

कोरा_कॅनव्हास

मीही नवीनच आहे, धागा वाचनखुणेत ठेवला. माझ्या ड्रोनमध्ये ऑर्बिट, मागे जात वर चढणं, माणसाच्या मागे जाणं हे सगळं एका बटणावर आहे. मग हाताने शिकायचा खटाटोप कशासाठी?

घारमामा

वापरा की. एकटे असाल आणि स्वतःच फ्रेममध्ये हवे असाल तर त्याला पर्याय नाही. ऑटो ऑर्बिट बघून वेग किती असावा हेही शिकता येतं. पण ड्रोनला सूर्य कुठे आहे, पार्श्वभूमीला टॉवर कधी येतो, कमानीतून उजेड कधी आरपार दिसतो हे ठाऊक नसतं. ते बघून वेग किंचित बदलणारा हात तुमचाच लागतो.

दुसरं, सुरक्षिततेचं. अडथळे ओळखणाऱ्या सेन्सरवर डोळे मिटून विसंबू नका. विजेच्या तारा, निष्पर्ण बारीक फांद्या, काच हे त्यांना नीट दिसत नाही. अंधुक उजेडात आणि संथ पाण्यावर खालचे सेन्सर गोंधळतात. बऱ्याच लहान ड्रोनना बाजूला सेन्सरच नसतात, आणि ऑर्बिट तर बाजूनेच होतो. स्पोर्ट मोडमध्ये बऱ्याच ड्रोनचे अडथळा सेन्सर बंदच होतात.

वाऱ्याचंही सांगून ठेवतो. जमिनीवर झुळूक असली तरी वर वारा जोरात असू शकतो. म्हणून आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे परतीला वारा पाठीशी असतो. उलट केलंत तर जाताना बॅटरी पुरेशी वाटते आणि परतताना ड्रोन जागच्या जागी झुंजत राहतो. घरी परतण्याची उंची (ड्रोन आपोआप परततो तेव्हाची) त्या जागेतल्या सगळ्यात उंच वस्तूपेक्षा वर ठेवा आणि जागा बदलली की ती पुन्हा तपासा. आपल्या देशातले नोंदणीचे आणि बंदी असलेल्या क्षेत्रांचे नियम निघायच्या आधी बघा. अनेक देशांत उंचीची मर्यादा १२० मीटरच्या आसपास आहे आणि ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवावा लागतो. चित्रीकरणाच्या दृष्टीने बोलायचं तर तुमचे सगळ्यात चांगले शॉट दहा ते तीस मीटरमध्येच मिळतील.

कात्रीवाली

आता एडिटिंगबद्दल, ताईंनी विचारलं होतं म्हणून सविस्तर.

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती नवशिक्याला पुरून उरते. संगणक अडखळत असेल तर दोष त्याला देऊ नका. ड्रोनचं एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) फुटेज इतकं दाबलेलं असतं की ते उलगडतानाच संगणक दमतो. प्रॉक्सी बनवा, म्हणजे हलक्या नकलांवर काम करा आणि शेवटी मूळ फुटेजमधून बाहेर काढा.

पहिली बैठक फक्त बघण्याची. उड्डाण झालं त्याच संध्याकाळी बसा, कारण वारा कुठून होता आणि बोट कुठे घसरलं हे अजून आठवत असतं. प्रत्येक क्लिपमध्ये हालचाल जिथे स्वच्छ सुरू होते आणि जिथे स्वच्छ संपते त्या दोन जागांवर खूण करा. मधे झटका असेल तर झटक्याच्या आधीचा तुकडा ठेवा. हे करताना पुढच्या वेळी काय टाळायचं याची यादी आपोआप तयार होते. उडवणं आणि कापणं या दोन वेगळ्या विद्या आहेत असं मी मानतच नाही. स्वतःचं फुटेज स्वतः कापणाऱ्याचा हात लवकर सुधारतो.

मग जोडणी. एका क्लिपमध्ये ड्रोन डावीकडून उजवीकडे सरकत असेल आणि पुढच्यात उजवीकडून डावीकडे, तर नजर ठेचकाळते. एक तर दिशा सारखी ठेवा किंवा मधे स्थिर क्लिप घाला. पुढे जाणाऱ्या शॉटनंतर पुढेच जाणारा, पण जवळचा शॉट लावून बघा, कट जवळजवळ जाणवत नाही. सुरू असलेल्या हालचालीतून सुरू असलेल्या हालचालीत कापता येतं, वेग जुळत असेल तर. हालचालीतून एकदम थांबलेल्या चित्रात कापलं की झटका बसतो. ताईंचा झटका हाच.

सगळा व्हिडिओ आकाशातून नको. जमिनीवरून, फोनने का होईना, हाताशी असलेल्या गोष्टी घ्या: दगडावरचं शेवाळ, पुलावरून जाणारी सायकल, पाण्यात हलणारं प्रतिबिंब. अशा दोन जवळच्या क्लिपांनंतर ड्रोनची क्लिप आली की ती मोठी वाटते. सगळंच उंचावरून असेल तर उंचीची किंमत राहत नाही.

आवाजाकडे तर कुणी बघतच नाही. बहुतेक ड्रोन आवाज टिपत नाहीत, आणि टिपला तरी पंख्यांची घरघर. त्याच जागी फोन ठेवून एक-दोन मिनिटं पाणी, वारा, पाखरं रेकॉर्ड करा. पाण्याचा आवाज चित्राच्या अर्धा सेकंद आधी सुरू करा आणि मग नदीवर कापा. हा एवढासा बदल करून बघाच. संगीत असेल तर प्रत्येक ठेक्यावर कापू नका. सूर बदलतो त्या जागा रिव्हीलसाठी, म्हणजे लपलेलं दृश्य उघडं पडतं त्या शॉटसाठी राखून ठेवा.

रंग शेवटी. आधी सगळ्या क्लिपा एकमेकींशी जुळवा, मग पूर्ण व्हिडिओला एक छटा द्या. लॉगमध्ये (नंतर रंग देता यावेत म्हणून मुद्दाम फिक्या प्रोफाइलमध्ये) शूट केलं असेल तर आधी ते साध्या रंगात आणणारा, त्याच ड्रोनच्या लॉगसाठी बनलेला लट लावायचा. साध्या प्रोफाइलवर तोच लट लावला तर रंग भडकतात आणि सावल्या बुडतात. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. ८ बिटचं आकाश जास्त ताणलं की त्यात पट्टे उमटतात. तुमचा ड्रोन ८ बिट असेल तर साधं प्रोफाइल घ्या आणि सकाळची वेळ नीट निवडा.

नवी_भरारी

सिने मोड, चिमटीची पकड आणि दोन्ही टोकांना पाच सेकंद, एवढं धरून पुन्हा शूट केलं. फरक पहिल्याच क्लिपमध्ये दिसला. बाजूने सरकणारा शॉट सगळ्यात आवडला, काठावरच्या झाडांमुळे नदी खरंच रुंद वाटली. सावल्यांचा वरचा शॉटही मिळाला. एक गोष्ट मात्र अजून सुटत नाही: कॅमेरा खालून वर उचलताना सुरुवातीला हलका धक्का येतोच. रिमोटवरचं कॅमेऱ्याचं चाक कितीही हळू फिरवलं तरी.

घारमामा

सेटिंगमध्ये गिम्बलचा पिच वेग आणि पिच स्मूदनेस शोधा. वेग कारखान्यातून येतो त्याच्या निम्म्याखाली आणा, स्मूदनेस वाढवा. स्मूदनेस वाढवला की चाक सोडल्यावरही कॅमेरा थोडा पुढे जातो, म्हणून हवी ती फ्रेम यायच्या किंचित आधी सोडायची सवय करावी लागेल. वळणाचा एक्स्पो आकडाही बघा; बऱ्याच कॅमेरा ड्रोनवर तो कमी केला की स्टिकच्या मधल्या भागातला प्रतिसाद मवाळ होतो.

तरीही राहिला तर ड्रोन आधी पुढे जाऊ द्या आणि चालत असतानाच कॅमेरा उचलायला सुरुवात करा. हालचालीत हालचाल मिसळली की सुरुवात लपते.

कोरा_कॅनव्हास

वा, छान. शेवटचं एक विचारतो. सगळं ६० फ्रेमवर शूट करून ठेवलं तर? नंतर हवं तर स्लो करता येईल.

सावली_शोधक

ते आधी ठरवूनच करा. ६० फ्रेमची क्लिप २४ च्या टाइमलाइनवर प्रत्येक फ्रेम वापरून लावली की ४० टक्के वेगाने चालते आणि मऊ दिसते. पण तीच मूळ वेगाने ठेवली तर काही फ्रेम असमान टप्प्याने गाळाव्या लागतात आणि हालचाल अडखळते. ६० चं ३० वर किंवा ५० चं २५ वर आणलं तर एकाआड एक फ्रेम जाते, गाळण्याचा टप्पा सारखा राहतो. पण शटर १/१२० असल्यामुळे तेव्हाही चित्र जरा कडक दिसतं.

उंचावरचं विस्तीर्ण दृश्य मुळातच संथ असतं, त्याला स्लो करून काही मिळत नाही. लाटा, धूळ, धावणारा माणूस, फडफडणारं शीड असेल तर ६० घ्या आणि क्लिपच्या नावात तशी नोंद ठेवा. बाकी सगळं टाइमलाइनच्याच फ्रेम रेटवर.

कोरा_कॅनव्हास

समजलं. रविवारी वारा कमी आहे असं दिसतंय, खांब आणि सात सेकंदांपासून सुरुवात करतो.